कंपनीत किती महिन्यांचे पैसे उरलेत, हे टीमला सांगावं का?

बीजांकुर
नमस्कार मंडळी. इथे औषध-संशोधनातले आणि गुंतवणुकीतले बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

मी एका लहान बायोटेक कंपनीचा सहसंस्थापक आहे, विज्ञानाची बाजू माझ्याकडे. आमचा रेणू, म्हणजे होऊ घातलेलं औषध, अजून प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. माणसांवरच्या चाचणीची परवानगी मागण्याआधी विषारीपणाचा मोठा अभ्यास बाहेरच्या सीआरओकडून (कंत्राटावर संशोधन करून देणाऱ्या कंपनीकडून) करून घ्यायचाय, आणि त्यासाठी पुढचा राउंड, म्हणजे गुंतवणुकीची पुढची फेरी, उभा करायला निघालोय. हातातले पैसे जेमतेम वर्षभर पुरतील.

सीईओ, म्हणजे माझी सहसंस्थापक, म्हणते की हा आकडा टीमला अजिबात सांगायचा नाही. चांगली माणसं सगळ्यात आधी जातात, बातमी बाहेर फुटते आणि गुंतवणूकदार भाव पाडून मागतात. माझं मत, सांगावं. लोकांना वास लागलाच आहे. फ्लो सायटोमीटरची (पेशी तपासायच्या यंत्राची) खरेदी का लांबली, असं परवा एकीने सरळ विचारलं आणि मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? सांगत असाल तर कुणाला, किती, कधी?

पिपेटवाली
सांगा. लॅबमधल्यांपासून लपत नाही हो. अँटीबॉडीची नेहमीची मोठी पॅक सोडून लहान यायला लागते, मशीनचं सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट "बघू पुढच्या तिमाहीत" होतं, ग्लोव्हज जपून वापरा म्हणून मेल येते. आम्हाला बॅलन्स शीट लागत नाही.

मी रिसर्च असोसिएट होते तिथे एका सकाळी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि महिनाअखेरीस कंपनी बंद असं सांगितलं. बंद होण्याचा राग कुणालाच नव्हता, या धंद्यात ते गृहीत धरलेलं असतं. पण एका सहकाऱ्याने नुकतंच घरासाठी मोठं कर्ज घेतलं होतं आणि सीईओने त्याचं तोंडभर अभिनंदन केलं होतं. पुढे काय होणार ते ठाऊक असताना! तो माणूस आजही त्या सीईओच्या नावाने बोटं मोडतो.

जमाखर्च
मी लहान कंपन्यांचे हिशेब सांभाळतो. धागाकर्ते, आधी एक सांगा. "वर्षभर" म्हणजे नेमकं कुठल्या खर्चाने? आजच्या खर्चाने वर्षभर की विषारीपणाचा अभ्यास धरून? सीआरओ जागा राखून ठेवायलाच मोठी आगाऊ रक्कम घेतात, आणि अभ्यास तुम्ही पुढे ढकललात किंवा रद्द केलात तर ती बहुतेक बुडते. तो करार सही झाला की तुमचा वर्षाचा रनवे, म्हणजे पैसे पुरण्याचा काळ, एका दुपारीत आठ महिन्यांवर येऊ शकतो. टीमला एक आकडा सांगून मोकळे झालात तर तिसऱ्या महिन्यात तो खोटा पडेल, आणि मग न सांगितलेलं परवडलं असं वाटेल.

दुसरं, गेल्या राउंडचे सगळे पैसे हातात आलेत की टप्प्याटप्प्याने येणार आहेत? वर्षात न आलेला टप्पा धरलाय का?

आणि सीईओंच्या भीतीबद्दल. शेअर बाजारात असलेल्या बायोटेक कंपन्या दर तिमाहीला जाहीरपणे छापतात की रोख अमुक वर्षाच्या अमुक तिमाहीपर्यंत पुरेल. पुढचं वर्ष निभावेल की नाही अशी शंका असेल तर तेही लिहावं लागतं. तिथला प्रत्येक तंत्रज्ञ ते फोनवर वाचू शकतो. म्हणून काय सगळे पळून जातात?

उंदीरमामा
आमच्याकडे पारदर्शकता इतकी की उंदरांनासुद्धा माहीत होतं. पिंजऱ्यांची ऑर्डर सगळ्यात आधी रद्द झाली.

बोर्डावरचा
मी टेबलाच्या पलीकडे बसतो, म्हणजे पैसे देणाऱ्यांकडे. सीईओंची बाजू मांडतो, कारण इथे त्यांना कुणी वालीच दिसत नाही.

शेअर बाजारातल्या कंपनीची तुलना चुकीची आहे. तिला वाईट काळातही थोडेफार शेअर विकून दिवस काढता येतात. खासगी कंपनीचा राउंड झाला तर झाला, नाहीतर काही नाही. २०२१च्या सुरुवातीला बायोटेकचे शेअर शिखरावर होते. २०२२च्या मे महिन्यात या क्षेत्राचा निर्देशांक निम्म्याच्याही खाली आला होता. रेणू तेच, माणसं तीच, आणि पैसा मागायला गेलेल्यांचे फोनही कुणी घेत नव्हतं. अशा वेळी तुमची मुख्य केमिस्ट सोडून गेली तर राउंड थांबतो. लहान कंपनीत आम्ही रेणूइतकीच माणसंही विकत घेत असतो.

माझा सल्ला: वरच्या चार-पाच जणांना सगळं सांगा. बाकीच्यांना "पैसे उभे करतोय, अजून वेळ आहे" इतकं पुरे.

शंकासुर
@बोर्डावरचा, गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत बँकेतली शिल्लक विचारतो ना? मग भाव पाडायचा तर तो पाडणारच. लपवलं कुणापासून? ज्यांच्या पगाराचा प्रश्न आहे फक्त त्यांच्यापासून?

बोर्डावरचा
हो, विचारतो. मुद्दा मान्य. पण रिक्रूटर विचारत नाहीत, ते नुसता वास घेतात.

सेंट्रीफ्यूज
मला वाटतं महिने मोजण्यापेक्षा जमाखर्च यांचा दुसरा प्रश्न मोठा आहे. पैसे टप्प्यांत येणार असतील तर ते कशाला बांधलेत?

बायोटेकमध्ये हे सर्रास चालतं. राउंड मोठा जाहीर होतो, त्यातला निम्मा आता आणि निम्मा "अमुक मॉडेलमध्ये (म्हणजे तो आजार घडवलेल्या प्राण्यांत) परिणामकारकता दिसल्यावर". कागदावर दोघांच्याही हिताचं. आता हा प्रयोग कोण करतं? कोणीतरी तिशीच्या आतली मुलगी किंवा मुलगा, ज्याच्या निकालावर सगळ्यांचे पगार आहेत. आणि मग सुरू होतं ते मी जवळून पाहिलंय. कुणीही खोटं बोलत नाही. एक उंदीर "आजारी दिसत होता" म्हणून निकाल पाहिल्यानंतर वगळला जातो. प्रयोग पुन्हा होतो, पहिला "पद्धत बसवण्यासाठी होता" असं ठरतं. लॅब मीटिंगमधल्या ठिपक्यांच्या आलेखाचे विभागप्रमुखाच्या स्लाइडवर खांब होतात, सीईओच्या स्लाइडवर त्या खांबांवरच्या अनिश्चितता दाखवणाऱ्या रेषा गळतात आणि बोर्डापुढे हिरवी टिकमार्क येते. पायऱ्या चार, आणि प्रत्येकाने फक्त थोडं नीटनेटकं केलं.

हे लहान कंपन्यांतच होतं असं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या बायोटेक कंपनीच्या, म्हणजे अ‍ॅमजेनच्या लोकांनी कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोध आपल्या प्रयोगशाळेत पडताळून पाहिले, त्यातले ६ टिकले. २०१२मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. त्या बाकीच्या सगळ्यांनी लबाडी केली असं कोणीच म्हणत नाही. हवा असलेला निकाल आणि तो मोजणारा माणूस यांच्यात अंतर नव्हतं, एवढंच.

म्हणून कंपनीची संस्कृती कशी आहे हे मी पोस्टर वाचून ठरवत नाही. वाईट डेटा बेंचवरून बोर्डापर्यंत जायला किती दिवस लागतात आणि वाटेत त्याचं काय होतं, ते बघतो.

पेट्रीडिश
सेंट्रीफ्यूज, +१. थेरानोसमध्ये याचं टोक दिसलं. २००३ सालची रक्ततपासणीची अमेरिकी कंपनी, ७० कोटी डॉलरहून जास्त उभे केले, बोर्डावर माजी परराष्ट्रमंत्री आणि सेनाधिकारी, पण रक्ततपासणीतलं कळणारं जवळजवळ कुणीच नाही. आत वेगवेगळ्या गटांना एकमेकांशी बोलायची मनाई. रसायनवाल्यांना यंत्राचे हाल माहीत नाहीत, यंत्रवाल्यांना रसायनाचे. संस्थापिकेला २०२२मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं. खासगीपणाच्या नावाखाली भिंती घातल्या की वाईट बातमीला चालायला रस्ताच उरत नाही.

बोर्डावरचा
थेरानोस प्रत्येक धाग्यात येतंच. जीवशास्त्रातल्या मुरलेल्या फंडांनी तिथे फारसे पैसे घातलेच नव्हते, हेही लिहा की.

निवांत
सेंट्रीफ्यूज यांचं लिहिणं पटतं, पण पुढे काय? वाईट डेटा पटकन वर आला. बरं. मग? अ‍ॅस्ट्राझेनेकाने २०१०नंतर आपली संशोधनाची पद्धत बदलली, किती प्रकल्प पुढे नेले यापेक्षा योग्य प्रश्न विचारले का याला महत्त्व दिलं. रेणू निवडल्यापासून माणसांवरच्या चाचणीचा तिसरा टप्पा पूर्ण करण्यापर्यंतचं यश त्यांच्याकडे ४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेलं. सगळे त्याचे दाखले देतात. पण त्यांच्याकडे डझनांनी प्रकल्प होते. एक मारला तर माणसं दुसऱ्यावर जातात. धागाकर्त्यांकडे एकच रेणू आहे. तो मारणं म्हणजे कंपनी मारणं. अशा ठिकाणी "सत्य सांगणाऱ्याचा सत्कार करा" हे ऐकायला छान आहे, सत्कार झाल्यावर तो बेकार होणार.

सेंट्रीफ्यूज
@निवांत, नाकारत नाही. म्हणूनच टप्प्याची अट लिहिताना भांडावं. "परिणामकारकता दिसली तर" ऐवजी "आधी लिहून ठेवलेल्या पद्धतीने, आंधळेपणाने (कुठला प्राणी कुठल्या गटातला हे मोजणाऱ्याला माहीत नसताना) मोजलेला प्रयोग पूर्ण झाला तर" अशी अट मागावी, आणि निकाल उलटा आला तरी दुसऱ्या रेणूकडे वळण्याइतकी थोडी रक्कम सुटावी.

बोर्डावरचा
शुभेच्छा. मी तरी अशी अट मान्य करणार नाही.

थोडी फार करीन. बोर्डावर एखादा स्वतंत्र शास्त्रज्ञ असेल आणि कच्चा डेटा त्याला थेट दिसत असेल, तर टप्प्याच्या अटी सैल करायला मी तयार असतो. अटी कडक असतात कारण आम्हाला आतलं दिसत नाही.

धूमकेतू
अवांतर: शास्त्रज्ञाने चालवावी की व्यवस्थापकाने, हा इथला जुना वाद कुणीच कसा उकरला नाही? मी उकरतो. जेनेन्टेक, सुरुवातीच्या बायोटेक कंपन्यांतली एक. १९७६. बॉब स्वान्सन हा गुंतवणुकीच्या धंद्यातला तिशीच्या आतला माणूस आणि हर्बर्ट बॉयर हा विद्यापीठातला प्राध्यापक. दोघांनी ५००-५०० डॉलर घातले, मग क्लायनर-पर्किन्स या गुंतवणूक कंपनीने एक लाख दिले. कंपनीला सुरुवातीला स्वतःची लॅबच नव्हती, पहिलं काम विद्यापीठात आणि सिटी ऑफ होप संस्थेत करून घेतलं. बॉयर कधीच सीईओ झाला नाही, विद्यापीठ सोडलंही नाही. पण शास्त्रज्ञांना शोधनिबंध छापता आले पाहिजेत, हे त्याने लावून धरलं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या कंपनीची बिअर पार्टी, तिला ते 'हो-हो' म्हणत. १९८०मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा ३५ डॉलरचा शेअर त्याच दिवशी ८८वर जाऊन आला, आणि तेव्हा त्यांचं एकही औषध बाजारात नव्हतं.

उलट अ‍ॅमजेनचा पहिला सीईओ जॉर्ज रॅथमन स्वतः रसायनशास्त्रातला डॉक्टरेट होता. म्हणजे दोन्ही चालतं. :)

उंदीरमामा
शुक्रवारची पार्टी हीच संस्कृती असती तर आमची कंपनी आज जगात पहिली असती. आणि हल्लीच्या वीस माणसांच्या कंपनीत नऊ व्हाइस प्रेसिडेंट असतात, त्याचं काय? बेंचवर उभं राहायला कुणी उरत नाही.

पिपेटवाली
उंदीरमामा, त्या नऊतल्या सहांना पिपेट नीट धरता येत नाही हेही लिहा.

पेट्रीडिश
शुक्रवारची पार्टी सोडा, कठीण काळातलं बघायचं तर अल्नायलम बघा. २००२ची कंपनी, आरएनए इंटरफिअरन्सवर, म्हणजे ठराविक जनुकं गप्प करण्याच्या तंत्रावर. २०१०मध्ये नोव्हार्टिस या मोठ्या औषध कंपनीबरोबरचा करार संपला, रोश या दुसऱ्या कंपनीने या क्षेत्रातून अंग काढून घेतलं, कंपनीला माणसं कमी करावी लागली. सगळं जग म्हणत होतं की हे तंत्र पेशीच्या आत पोचणारच नाही. त्यांनी २०११च्या जानेवारीत उघडपणे सांगितलं की २०१५पर्यंत पाच औषधं चाचण्यांच्या पुढच्या टप्प्यांत नेणार. पहिलं औषध मंजूर झालं २०१८च्या ऑगस्टमध्ये. सीईओ सुरुवातीपासून तोच, जॉन मॅरागानोर, २०२१ संपेपर्यंत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की कपात झाल्यावर मागे राहिलेल्यांना काय करायचं नाही, हे कळलं होतं.

निवांत
आणि जे बुडाले त्यांच्यावर कुणी लिहीत नाही. अ‍ॅक्सोव्हंट आठवा. जीएसके या औषध कंपनीने बाजूला ठेवलेलं अल्झायमरचं औषध सुरुवातीला ५० लाख डॉलर देऊन घेतलं, २०१५च्या जूनमध्ये शेअर बाजारातून ३१.५ कोटी उभे केले, २०१७च्या सप्टेंबरमध्ये चाचणी फसली. पैशाची कमतरता नव्हती हो. पैसा जीवशास्त्राला बधत नाही. २०११ ते २०२०च्या आकडेवारीत माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी ७.९ टक्के मंजुरीपर्यंत पोचतात, आणि दुसऱ्या टप्प्यात शिरलेल्यांपैकी तो ओलांडतात ते २८.९ टक्के. तुमची टीम हे जाणूनच आलीये. त्यांना एका आकड्याची भीती वाटेल असं समजणं म्हणजे त्यांना लहान मूल समजणं आहे.

शंकासुर
निवांतराव, तुम्ही नक्की कुठल्या बाजूने आहात?

निवांत
रात्रपाळीच्या.

जमाखर्च
अवांतरात भर. २०२३च्या १० मार्चला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा कितीतरी बायोटेक कंपन्यांचा दोन-दोन वर्षांचा रनवे दोन दिवसांसाठी शून्य झाला होता. १२ तारखेला सरकारने ठेवी सुरक्षित असल्याचं सांगितलं म्हणून वाचले. त्या शनिवारी ज्या सीईओंनी सगळ्यांना "पगाराचं माहीत नाही, उद्या संध्याकाळी पुन्हा कळवतो" अशी मेल टाकली, त्यांच्याबद्दल लोक अजून चांगलं बोलतात. जे गप्प बसले त्यांच्याबद्दलही बोलतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बीजांकुर
सगळ्यांचे आभार. दोन-तीन दिवस नुसतं वाचत होतो.

जमाखर्च, तुमचं बरोबर आहे. वर्षभरात न आलेला टप्पा धरलेला आहे. आणि तो टप्पा सेंट्रीफ्यूज म्हणतात तसाच बांधलाय, एका मॉडेलमधल्या परिणामकारकतेला. प्रयोग पुढच्या महिन्यात सुरू होतोय. अट सीईओ, मी आणि बोर्ड एवढ्यांनाच ठाऊक आहे. प्रयोग करणाऱ्या मुलीला नाही. ती आमच्यातली सगळ्यात काटेकोर आहे.

आता माझा प्रश्न बदललाय. तिला सांगावं का? सांगितलं तर तिच्यावर दडपण, आणि नकळत निकालावरही. नाही सांगितलं तर पिपेटवालींच्या गोष्टीतला तो सीईओ मीच.

बोर्डावरचा
सांगू नका. मोजणाऱ्याला निकालाची किंमत माहीत नसावी हे साधं प्रयोगशास्त्र आहे.

पिपेटवाली
सांगा, आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधी सांगा. अधेमधे कुठून तरी कळलं तर तो प्रयोग तिच्या मनातून उतरेल आणि तुम्हीही. ती काटेकोर आहे म्हणताय ना? मग तिला ठरवू दे ना, स्वतःला कसं जपायचं ते. मला कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्या दिवशी म्हटलं असतं, पिंजऱ्यांना दुसऱ्या कुणाकडून कोड घाला आणि यादी माझ्यापासून लांब ठेवा.

सेंट्रीफ्यूज
पिपेटवालींनी सोडवलं. आंधळं असायचं ते कुठला उंदीर कुठल्या गटातला याबाबत. कंपनीच्या स्थितीबाबत माणूस आंधळा ठेवायची गरज नाही. गट पाडणारी व्यक्ती वेगळी, मोजणारी वेगळी. कुठला प्राणी कशामुळे वगळायचा ते आधी लिहून, तारीख घालून, सही करून. जमलं तर ऊतींचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्या. आणि कच्ची फाइल बोर्डावरच्या शास्त्रज्ञाकडे त्याच दिवशी, स्लाइड व्हायच्या आधी. तिच्यावरचं निम्मं ओझं तिथेच उतरतं, कारण निकाल सुंदर करणं तिच्या हातात राहत नाही.

निवांत
हे बरं आहे. बोर्डावर शास्त्रज्ञ आहे का पण?

बीजांकुर
एक आहे, मतदानाचा हक्क नसलेला. चालेल.

सीईओला हा सगळा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं जसंच्या तसं: "आधीच्या कंपनीत आम्ही आकडा सांगितला होता. महिन्याभरात तिघं गेली, त्यात उत्पादनाची प्रक्रिया ज्याच्या डोक्यात होती तोही होता. ती प्रक्रिया दुसऱ्या कुणाला जमेपर्यंत रनवे संपला. तुझ्या धाग्यातल्या कुणी असे दिवस काढलेत का?" प्रयोग करणाऱ्या मुलीला अट सांगायला ती तयार आहे. सगळ्यांना महिने सांगायला नाही.

शंकासुर
एकाच माणसाच्या डोक्यात प्रक्रिया होती, हा दोष आकड्याचा कसा?

बोर्डावरचा
शंकासुर, लहान कंपनीत सगळंच एकेकाच्या डोक्यात असतं. दोघांना शिकवायला जे पैसे लागतात तेच तर उभे करायचे असतात. सीईओ ताईंचं बरोबर आहे.

जमाखर्च
एक मधला रस्ता सुचवतो, सीईओंना दाखवा. महिने सांगू नका. कंपनी बंद करायची वेळ आली तर लागणारी रक्कम आत्ताच वेगळी काढा: सूचनाकाळाचे पगार, साठलेल्या रजा, प्राणीगृहाचा करार, नमुने आणि नोंदी जपून ठेवण्याचा खर्च, वकील. बोर्डाचा ठराव करून घ्या की शिल्लक त्या रेषेला टेकली की नवीन खर्च थांबेल आणि त्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं जाईल. टीमला सांगायचं ते हे: अशी रेषा आहे, तिच्याखाली पैसे जाणार नाहीत, आज आपण तिच्या बरेच वर आहोत, आणि दर तिमाहीला मी हे पुन्हा सांगीन. बहुतेकांना कंपनी किती जगेल यापेक्षा आपल्याला किती आधी कळेल याची काळजी असते.

आणि वर्षाच्या हिशेबातून तो न आलेला टप्पा काढून पुन्हा मांडा. निदान तुम्हा दोघांना तरी खरा आकडा माहीत हवा.

पिपेटवाली
"बरेच वर आहोत" हे वाक्य चौथ्या तिमाहीला गाळलंत की सगळ्यांना कळणार बरं का. पण चालेल. मला हे मिळालं असतं तर मी थांबले असते.

बीजांकुर
टप्पा काढून मांडलं. सात महिने. सीईओला पाठवलंय, ठरावाचा मसुदा ती सोमवारी बोर्डाला पाठवतेय. प्रयोगाचा आराखडा आणि वगळण्याचे निकष मी त्या मुलीबरोबर बसून लिहितोय. सेंट्रीफ्यूज, गट पाडायला बाहेरचा माणूस घ्यावा की आमच्यातलाच, दुसऱ्या प्रकल्पावरचा, चालेल?

सेंट्रीफ्यूज
दुसऱ्या प्रकल्पावरचा चालेल, जर तो जेवायला तिच्या शेजारी बसत नसेल तर. तुमच्याकडे दुसरा प्रकल्प आहे?

बीजांकुर
नाही. बाहेरचा बघतो.